श्रीखंड्याची कावड

जत्रेला येणाऱ्यांची वर्गवारी मराठीने फार पूर्वीच करून ठेवली आहे: हौशे, नवसे आणि गवसे. कुणी हौसेने येतो, कुणी नवस फेडायला येतो, तर कुणी गर्दीत काही गवसतं का ते बघत हिंडतो. गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रात एका नव्या जत्रेची भर पडली आहे. पहाटे चारला उठायचं, छातीवर क्रमांक टाचायचा आणि हजारो अनोळखी माणसांबरोबर दहा, एकवीस किंवा बेचाळीस किलोमीटर पळायचं. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली. साताऱ्यात यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून डोंगरावरची अर्धमॅरेथॉन पळली जाते. आता तालुक्याच्या गावांतही वर्षातून एखादा रविवार धावण्यासाठी राखलेला असतो. या जत्रेलाही हौशे येतात. साखर वाढल्याचं कळल्यावर पळायला लागलेले नवसे येतात आणि पदकासाठी, टी-शर्टासाठी आलेले गवसेही असतात.

पण इथे आणखी एक माणूस असतो आणि त्याला या म्हणीत जागा नाही. तो पळत नाही. रस्त्याकडेला टेबल मांडून पाणी घेऊन उभा असतो.

खेळामुळे बंधुभाव वाढतो असं शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ऑलिंपिकपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. तो नेमका कुठून येतो, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही. पळणाऱ्यांच्या पायांवरून नजर काढून पाणी देणाऱ्याच्या हाताकडे पाहिलं तर त्याचा काहीसा उलगडा होतो.

हाताकडेच पाहू. कागदी पेला अर्धाच भरायचा, कारण काठोकाठ भरलेला पेला धावत्या माणसाच्या तोंडात कमी आणि नाकात जास्त जातो. धरायचा तो वरच्या कडेला, दोन बोटांत, म्हणजे घेणाऱ्याला पेल्याचं पोट मोकळं सापडतं. हात लांब, अंग मागे. पेल्याला समोरच्याची बोटं लागली की त्याच क्षणी सोडायचा. क्षणभर जास्त धरला तरी पाणी सांडतं. टेबलावर भरलेल्या पेल्यांचा एक थर, त्यावर पुठ्ठा, त्यावर दुसरा थर. सुरुवातीला एकेकटे, चपळ धावपटू येतात आणि बहुतेक न थांबताच जातात. मग लोंढा येतो. अर्ध्या तासात वरचा थर संपतो, खालचा संपतो, मागे जार उचलून ओतणाऱ्यांची घाई उडते, बूट भिजतात, बोटं गारठतात. ‘पाणी, पाणी, पुढे मीठ, पुढे संत्रं’ असा पुकारा करून घसे बसतात. मुंबईत पेडर रोडच्या चढावर तर आयोजकांची टेबलं सोडून आसपासचे रहिवासीच खाली उतरतात. संत्र्याच्या फोडी, केळी, चिक्की, बर्फाचे तुकडे, जे घरात असेल ते ताटात घेऊन उभे राहतात. लहान मुलं नुसता तळहात पुढे करून उभी असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची टाळी मिळावी म्हणून. बेचाळीस किलोमीटरवाले तो चढ शेवटच्या टप्प्यात चढतात, तेव्हा त्यांच्या पायांत काही उरलेलं नसतं. त्या क्षणी पुढे आलेला हात कुणाचा, कुठल्या घरातला, कुठल्या जातीधर्माचा, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही.

या मातीत हे वाक्य सहज लिहिता येत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक ओंजळभर पाणी प्यायले. ते सार्वजनिक तळ्याचं पाणी होतं, तरी त्यासाठी त्यांना मार खावा लागला. कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं चालत नाही, यावर इथला समाज शतकानुशतकं बांधलेला होता. मग रविवारी सकाळी हजारो माणसं अनोळखी हातांतून पाणी पितात, तेव्हा खेळाने हा प्रश्न सोडवला असं म्हणायचं का? तसं म्हणायची घाई करू नये. नुसत्या खेळाने तो सुटत नाही, याचा दाखला पुण्यातच आहे.

बाळू पालवणकर चर्मकार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रजांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखायचे, खेळपट्टी तयार करायचे आणि सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकायचे. त्यांची डावखुरी फिरकी इतकी अचूक होती की हिंदूंच्या संघाला त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक बिनदिक्कत झेलायचा. पण चहाच्या सुट्टीत संघातले इतर तंबूत बसून चिनीमातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना तंबूबाहेर, पिऊन टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. तोंड धुवायला पाणी हवं असलं, तर त्यांच्याच समाजातला एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन त्यांच्या हातावर ओतायचा. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात हे सविस्तर लिहिलं आहे. चेंडू चालायचा, पाणी चालायचं नाही. एका संघात, एका ध्येयासाठी, खांद्याला खांदा लावून खेळल्यावरही बंधुभाव सीमारेषेपाशीच थांबला होता.

हौशी खेळाचा पाश्चात्त्य इतिहासही याबाबतीत फार वेगळा नाही. ज्या इंग्रजी शब्दाला आपण ‘हौशी’ म्हणतो, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला प्रेम करणं हा अर्थ आहे. मोबदल्यासाठी नाही, प्रेमापोटी खेळतो तो हौशी. पण हा सुंदर शब्द एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडने कुंपण म्हणून वापरला. थेम्स नदीवर हेन्लीला होणाऱ्या वल्हवण्याच्या शर्यतींत कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना हौशी मानायचं नाही, असा नियमच होता. एखाद्याने वल्हवण्यासाठी एक पैसाही घेतला नसला तरी तो हाताने कष्ट करून पोट भरतो एवढं कारण त्याला बाहेर ठेवायला पुरायचं. तिथे प्रेमाने खेळायचा हक्क रिकामा वेळ असणाऱ्यांनाच होता. या व्याख्येने पाहिलं तर खेळपट्टीवर रोलर फिरवणारे बाळूही हौशी ठरले नसते. इंग्लंडचा वर्ग आणि पुण्याची जात इथे एकमेकांची भाषा बोलत होते.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन आज जगभरच्या हौशी धावपटूंची पंढरी मानली जाते. महाराष्ट्रातूनही दरवर्षी मोठा जथा तिकडे जातो. पीटरमॅरित्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधलं हे सुमारे नव्वद किलोमीटरचं अंतर पहिल्या महायुद्धातून परतलेल्या व्हिक क्लॅपहॅम या सैनिकाने मेलेल्या साथीदारांचं स्मारक म्हणून निवडलं. १९२१ साली ३४ जण निघाले, १६ पोचले. दगडात कोरलेल्या नावांपेक्षा घामात जपलेली आठवण ही कल्पना थोरच. नावातच सोबती आहेत. तरीही कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना त्या सोबतीत अधिकृतपणे सामील व्हायला १९७५ साल उजाडावं लागलं. तोवर कुणी हट्टाने पळालंच तर ते नोंदीबाहेर राहायचं.

तेव्हा एकत्र पळणं, एकत्र खेळणं यातून बंधुता आपोआप झिरपत नाही. ती मुद्दाम आणावी लागते. कुठून?

मराठी माणसाला या प्रश्नाचं एक उत्तर लहानपणी गोष्टीतून मिळालेलं असतं. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. नाथांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट मात्र जास्त विचार करायला लावणारी आहे. द्वारकेचा कृष्ण श्रीखंड्या नावाचा गडी होऊन पैठणला नाथांच्या घरी राहिला आणि बारा वर्षं गोदावरीवरून कावडीने पाणी आणत राहिला. घरात कुणाला पत्ता नव्हता. तो कोण होता हे कळलं तेव्हा तो निघून गेला होता. नाथवाड्यात आजही तो रांजण आहे. नाथषष्ठीच्या सुमारास भाविक घागरी आणून तो भरतात आणि ज्याच्या घागरीने रांजण काठोकाठ होऊन वाहू लागतो, त्याला श्रीखंड्याचा मान मिळतो.

या गोष्टीत देव मखरात बसून पूजा घेत नाही. तो पाणक्या आहे, आणि तेही अनामिक. गाढवाला पाणी पाजणारे नाथ दाते आहेत. त्यांच्या घरी मात्र खुद्द देव पाणी भरतो आहे. ज्याने दिलं त्यालाही कुणीतरी देतं आहे. देणारा आणि घेणारा यांच्या जागा अदलाबदल होतात. रांजणाच्या रीतीत तर दरवर्षी कुणीही येणारा-जाणारा, त्याच्या घागरीची वेळ बरोबर साधली तर, श्रीखंड्या होऊ शकतो. हौशी खेळाच्या मेळाव्यातली बंधुता शोधायची ती याच जागांच्या अदलाबदलीत.

साधं दान आणि ही अदलाबदल यांत मोठा फरक आहे. दानात एक हात वर असतो, एक खाली. देणारा कितीही नम्र असला तरी दुसऱ्या दिवशीही देणाराच राहतो आणि घेणारा घेणाराच. अन्नछत्रात वाढणारा कधी पंगतीत बसत नाही आणि पंगतीतल्याला वाढायला उभं राहायची संधी मिळत नाही. त्यातून पुण्य मिळत असेल, पोट भरतं यात शंका नाही, पण भाऊपण येईलच असं नाही. ज्याने गेल्या रविवारी आपल्याला पाणी दिलं त्याला या रविवारी आपण पाणी द्यायचं, अशी घडी बसली की हात वर-खाली उरत नाहीत.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हीच गोष्ट चाकाच्या रूपकात येते. अन्न, पाऊस, यज्ञ आणि कर्म एकमेकांना पोसत फिरतात. चाक फिरवायला हात न लावता फक्त उपभोग घेणाऱ्याला तिथे चोर म्हटलं आहे. शब्द कठोर आहे, पण वर्षाला दहा शर्यती पळून एकदाही टेबलामागे न उभ्या राहिलेल्या माणसाने तो ऐकून घ्यावा असा आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना लोकसंग्रहावर एवढा भर दिला तो याचसाठी. मोक्षाची चिंता करणाऱ्याने समाजाचं चाक सोडून जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता.

हे चाक प्रत्यक्ष फिरताना बघायचं तर लंडनकडे वळावं लागतं. २ ऑक्टोबर २००४ च्या शनिवारी सकाळी बुशी पार्कमध्ये १३ जण पाच किलोमीटर पळाले. पॉल सिंटन-ह्युइट या माणसाने ती धाव ठेवली होती. तो स्वतः दुखापतीमुळे पळू शकत नव्हता, नोकरीही गेली होती, आणि धावण्याच्या निमित्ताने भेटणारे मित्र तुटू नयेत एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून तो वेळ मोजायला उभा राहिला. त्या दिवशी पाच स्वयंसेवक होते. पोचणाऱ्याला त्याचा क्रमांक म्हणून लोखंडी सामानाच्या दुकानात मिळणारा वॉशर दिला जायचा, त्यावर आकडा ठोकलेला. आज ‘पार्करन’ या नावाने ही शनिवारची धाव वीसहून जास्त देशांत होते. प्रवेश फुकट आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवकांवर. ज्याला या आठवड्यात पळायचं नाही तो वेळ मोजतो, वळणावर उभा राहून दिशा दाखवतो, नाहीतर कार्ड तपासतो.

पार्करनमधलं सर्वांत बोलकं काम आहे ते शेवटून चालणाऱ्याचं. एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे आलेल्यांपैकी कुणीही कधीच शेवटचा येत नाही. शेवटची जागा आधीच कुणीतरी आपणहून घेतलेली असते. वय झालेली बाई, पहिल्यांदा आलेला लठ्ठ मुलगा, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस, कुणालाही मागे वळून ‘माझ्यामागे कोणी आहे का’ हे बघावं लागत नाही. स्पर्धेच्या साच्यातून लाज काढून टाकायला एक माणूस पुरतो, फक्त त्याने मागे राहायला तयार असलं पाहिजे.

इंग्लंडमधल्या हॅव्हरिग तुरुंगात २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये तुरुंगाच्या भिंतींच्या आतलं पहिलं पार्करन सुरू झालं. तिथे कैदी पळतात आणि कैदीच स्वयंसेवकही असतात. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकत नाही अशा माणसाच्या हातात घड्याळ देऊन ‘सगळ्यांची वेळ तू मोज’ असं सांगितलं जातं.

पार्करनच्या या रीतीची परीक्षाही झाली. २०१६ साली ब्रिस्टलजवळच्या लिटल स्टोक गावी स्थानिक परिषदेने उद्यानाच्या देखभालीसाठी धावणाऱ्यांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं. परिषदेचं म्हणणं अगदीच गैर नव्हतं. वाटा झिजतात, खर्च येतो. पण आयोजकांनी शुल्क न घेता तिथली धाव बंद केली. हट्ट वाटेल, पण त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. एकदा पैसे दिले की माणूस गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाला टेबलामागे उभं राहायचं कारण उरत नाही.

महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यतींची दुखरी जागा नेमकी हीच. प्रवेशशुल्क हजारांत गेलं आहे. पळणारे बहुतेक कमावते, शहरी. पाणी देणारी असतात ती कॉलेजची मुलं, पहाटे तीनला गाडीत बसून आलेली. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, त्यातले काही इथे भरून निघतात. हाती प्रमाणपत्र येतं. पळणारा पुढच्या वर्षीही पळणार आणि ही मुलं पुढच्या वर्षीही उभी राहणार, किंवा त्यांच्या जागी दुसरी मुलं. इथे चाक फिरत नाही. एका बाजूने पैसे, दुसऱ्या बाजूने कष्ट. याला सेवा म्हणून मोकळं होणं बरोबर नाही.

म्हणून प्रमाणपत्रासाठी आलेल्या मुलाची सेवा खोटी ठरते का? निष्काम कर्माचा निकष कडक लावला तर ठरेल. पण वारीने हा निकष दारातच कुणाला लावला नाही. हौशे, नवसे, गवसे सगळ्यांना तिने चालायला दिलं. विनोबा १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलत असताना कर्म आणि विकर्म असा भेद करत. हाताने होतं ते कर्म. त्याला आतून मनाचा ओलावा मिळाला की ते विकर्माची जोड मिळालेलं कर्म. ही जोड लागली की कामाचा भारच जाणवत नाही, केलं असं वाटतच नाही, आणि तेच अकर्म. ओलावा आधी हवा अशी अट त्यात नाही. २४० तासांसाठी आलेला मुलगा पहिल्या तासाला पेले मोजत असतो. तिसऱ्या तासाला समोरून पाय ओढत येणाऱ्या आजोबांना बघून तो टेबल सोडतो आणि दहा पावलं पुढे धावत जाऊन पेला देतो. त्या दहा पावलांत काय घडलं हे त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. तिथे कर्माला विकर्म भेटलं.

विनोबांची ती प्रवचनं तुरुंगात उतरवून घेत होते साने गुरुजी. पुढे १ मे १९४७ ला पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून याच गुरुजींनी उपोषण सुरू केलं आणि दहा दिवसांनी दार उघडलं. ही तारीख वारीचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवी. शतकानुशतकं सगळे एकमेकांच्या पाया पडत चालत होते, चोखोबांचे अभंग गात होते, आणि चोखोबांच्या समाजाला पायरीपाशीच थांबावं लागत होतं. वाटेवरची बंधुता मुक्कामाला पोचत नव्हती. पुण्यातल्या तंबूत जे घडत होतं त्याचंच हे मोठं रूप.

तरीही खेळाला अध्यात्मात एवढी सहज जागा देणारी परंपरा क्वचितच सापडेल. वारीत फुगड्या आहेत, हुतूतू आहे. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना दौडतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक झेपावतात. मग टाळकरी पळतात, विणेकरी पळतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका पळतात. वेळापूरच्या अलीकडे उतारावर ‘धावा’ होतो: तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळी वारी धावते. साठीतले शेतकरी आणि सत्तरीतल्या आज्या उतारावरून पळत सुटतात. पहिला कोण आला हे कुणी लिहून ठेवत नाही. आणि रस्त्याच्या कडेला, पुण्यापासून पुढे गावोगावी, पाणी आणि केळी घेऊन उभे राहणारे, तुटकी चप्पल शिवून देणारे, पायांना तेल चोळणारे असतातच. अंगात पळायची रग आणि हातात द्यायची ओढ, दोन्ही एकाच वाटेवर.

बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून बोलताना स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, बुद्धाकडून घेतली आहे. कायदा स्वातंत्र्याचं आणि समतेचं रक्षण करू पाहतो. पण खरं संरक्षण बंधुता देते, आणि बंधुता हे माणुसकीचं, म्हणजेच धर्माचं दुसरं नाव, अशी त्यांची मांडणी होती. धर्म या शब्दाला त्यांनी दिलेला हा अर्थ लावून पाहिलं, तर रविवार सकाळच्या पाण्याच्या टेबलाकडे नुसती व्यवस्था म्हणून बघता येत नाही. चवदार तळ्यावर माणसांनी पाणी घ्यायचा हक्क बजावला. इथे त्याच्या पुढची गोष्ट होऊ शकते: ज्यांना एकेकाळी पाणी नाकारलं त्यांच्या आणि ज्यांनी नाकारलं त्यांच्या मुलांनी एका टेबलामागे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देणं. होऊ शकते म्हटलं, कारण आपोआप होत नाही. गावातल्या शर्यतीच्या आयोजनात कुठल्या वस्तीतली मुलं कुठे उभी आहेत, पळायला कोण आणि पुठ्ठे उचलायला कोण, हे एकदा डोळे उघडून बघायला हवं.

पाणी देणाऱ्याने आपला-परका पाहू नये, यासाठी शीख परंपरेत भाई कन्हैयाची आठवण सांगतात. १७०४ मध्ये आनंदपूर साहिबच्या लढाईत तो पखाल घेऊन जखमींना पाणी पाजत फिरत होता, शत्रूच्या जखमींनाही. शिखांनी गुरू गोविंदसिंगांकडे तक्रार केली. गुरूंनी त्याला बोलावून विचारलं. आपल्याला शत्रू-मित्र दिसत नाहीत, सगळ्यांत तुम्हीच दिसता, अशा अर्थाचं तो बोलला. गुरूंनी पाण्याबरोबर त्याला मलमाची डबीही दिली.

सायकलवाल्यांच्या ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरींत देणारा आणि घेणारा यांच्या अदलाबदलीची रीत हौशी गटांनी चांगली जपली आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा क्रमांक काढला जात नाही. रात्री दोन वाजता एखाद्या ढाब्यावर शिक्का मारायला बसलेला स्वयंसेवक बहुधा गेल्या महिन्यात स्वतः त्याच रस्त्यावर सायकल मारून गेलेला असतो, म्हणून येणाऱ्याचा चेहरा बघून आधी चहा सांगतो आणि मग कार्ड मागतो. याच सफरींतले पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे लोक दर चार वर्षांनी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशा १२०० किलोमीटरच्या सफरीला जातात. वाटेवरच्या फ्रेंच खेड्यांत घरापुढे टेबल मांडून लोक रात्रभर पाणी, कॉफी, सूप देतात. पैसे घेत नाहीत. काही जण एवढंच म्हणतात, घरी पोचल्यावर तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा.

इकडे शर्यतीची वेळ संपत आलेली असते. पोलीस एकेक अडथळा हलवतात, रस्ता वाहनांना खुला होऊ लागतो. स्वयंसेवक खराटे घेऊन चिरडलेले पेले गोळा करतात. पाणी द्यायला जितके हात होते तितके झाडायला उरत नाहीत. गाडगे महाराजांच्या राज्यातलं हे दृश्य आहे. टेबलं आडवी झाली आहेत, जार ट्रकवर चढले आहेत. एका मुलीने मात्र दोन पेले भरून पदपथाच्या कठड्यावर ठेवले आहेत, कारण मागून चालणाऱ्या माणसाने फोनवर कळवलं आहे की एक बाई अजून येते आहे. वीस मिनिटांनी ती येते. चालते आहे, साडीवर बूट, क्रमांकाची पट्टी एका पिनेवर लटकलेली. पेला घेते, थांबून सगळं पाणी पिते आणि रिकामा पेला खाली न टाकता मुलीच्या हातात परत देते. दुसरा पेला मागून चालणारा घेतो. मुलगी पेले पिशवीत टाकते, पिशवीला गाठ मारते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत त्या दोघांबरोबर चालत जाते.